डोईवर तीन घागरी

यंदा दिवाळीत आमच्या दारात शेणाच्या गवळणी नाहीत. बायको जाऊन तीन महिने झालेत, वर्ष सरेपर्यंत सण नाही. सून विचारायला आली, "मामा, पोरं लय मागं लागल्यात. काय करू?" मी म्हटलं, नको. वाईट वाटलं का, तर तेही नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही.

लहानपणी या गवळणी मी आणि माझी बहीण आक्का करायचो. आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तेव्हा तेरा-चौदाची असेल. बेचाळीस-त्रेचाळीस साल असावं. दिवाळीत सकाळी आम्ही दोघं अंगणात बसायचो. शेण ओलं असलं की गवळण बसकण मारते, म्हणून आक्का त्यात भुसा मळायची. गाय करायची, ताक घुसळणारी बाई करायची. डोळ्यांना जोंधळे, डोक्यावर कुर्डूचं फूल. मला एकच जमायचं, पण ते तिला जमत नव्हतं. डोईवर तीन घागरी घेतलेली गवळण. आत तुरकाटीची काडी खोवली की घागरी पडत नाहीत. गल्लीतली पोरं चिडवायची, "आरं बायक्या, बांगड्या भर की!"

त्या दिवाळीत आष्ट्याकडचे पाहुणे आक्काला बघायला आले. ती जावी असं मला वाटत नव्हतं. आई दिवसभर रानात, घरात मला तीच होती. पोराच्या आईला आक्का बारीक वाटली. "काम हुईल का हिच्यानं?" बाईनं तोंडावरच विचारलं. मला बरं वाटलं. म्हटलं, मोडलं.

निघताना बाई अंगणात थांबली. तीन घागरींपाशी वाकली.

"ही कुणी केली गं?"

आक्का माझ्याकडं बघून हसली. पण दाराशी गल्लीतली दोन पोरं उभी होती. मी चटकन बोललो, "आक्कानं. समद्या आक्कानंच केल्यात."

"हात बरा हाय की पोरीचा," बाई नवऱ्याला म्हणाली. "आपल्यात धा जनावरं हायत. निभंल."

लग्न ठरलं. माघात आक्का गेली. ती गवळण माझी होती, हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

पहिल्या दिवाळीला आक्का माहेरी आली. मी शेण मळून तयारच ठेवलं होतं.

"आक्का, चल की."

ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. "न्हाई रं. तिकडं पहाटेपास्नं शेणच काढती मी. चार दिस हात कोरडं ऱ्हाऊ देत. तू कर, मी हितनं बघती."

मी एकटाच बसलो. दोन गवळणी झाल्या, मग वर बघितलं. तिला बसल्या जागी झोप लागली होती. हात मांडीवर उताणे पडले होते. बोटांच्या पेरांना भेगा पडून त्या काळ्या झालेल्या.

मी तिला उठवलं नाही. उरलेलं शेण पाटीत भरलं आणि उकिरड्यावर टाकून आलो.