विभाचा डावा कान

विभाला जाऊन पाच आठवडे झाले. त्या मंगळवारी सकाळी मी हॉस्पिटलच्या फार्मसीत नेहमीसारखी औषधांचे चार्ट तपासत होते आणि रेवाचा फोन आला. रेवा ही विभाची मुलगी, कार्डिफमध्ये जन्मलेली, आता नोकरीसाठी लंडनजवळ स्लाऊला राहते. एरवी ती मला मेसेज पाठवते, फोन कधीच करत नाही. "मावशी, आई कालपासून फोन नाही घेतली... शेजारच्या बाईने किल्ली लावून दार उघडलं..." पुढचं ती इंग्रजीत बोलली. मी "हो, हो" म्हणत राहिले, आणि फोन ठेवल्यावर हातातला चार्ट पहिल्यापासून पुन्हा तपासला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

विभा आमच्याच हॉस्पिटलमध्ये ऑडिओलॉजिस्ट होती. दिवसभर लोकांचे कान तपासायची आणि स्वतः डाव्या कानाने ठार बहिरी होती. सहाव्या वर्षी मिरजेला गालगुंड झालं आणि तो कान कायमचा गेला. बावीस वर्षांपूर्वी कँटीनमध्ये पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी तिच्या डावीकडे बसले, तर तिने मला उठवून उजवीकडे आणलं. "तिथून बोललीस तर भिंतीशी बोलल्यासारखं होईल गं." एका कानाच्या माणसाला आवाज कुठून येतो ते कळत नाही, हे मला तिच्यामुळेच समजलं. घरात फोन वाजला की ती स्वयंपाकघर, जिना, बाथरूम असं सगळीकडे शोधत फिरायची. रस्त्यात कुणी हाक मारली तर स्वतःभोवती पूर्ण गिरकी घ्यायची. तिचा नवरा होता तेव्हा तो हात वर करून उभा राहायचा. तो गेल्यानंतर मी तसं करू लागले.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही दोघी तमिळनाडूत गेलो. मला जुनी देवळं बघायची होती, तिला फक्त वाजणारे दगडी खांब ऐकायचे होते. तिरुनेलवेलीच्या पुढे एका गावात तसं एक देऊळ आहे. सकाळी निघूनही पोचेपर्यंत बाराला थोडाच वेळ राहिला होता, म्हणजे देऊळ बंद व्हायची वेळ. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत पाऊल टाकलं की एकदम गार, तेलकट काळोख. वटवाघळांचा वास. तळव्यांना ओशट लागणारी फरशी. मंडपात आम्ही दोघी आणि किल्ल्यांचा जुडगा घेतलेला म्हातारा रखवालदार, एवढेच. खांबांना हात लावू नये अशी पाटी होती, पण आमच्याकडे बघून त्याने स्वतःच तीन खांबांवर बोटाच्या पेराने टकटक केलं. एकाच दगडातून कोरून काढलेल्या त्या बारीक खांबांतून तीन वेगवेगळे सूर निघाले आणि छताखाली बराच वेळ रेंगाळले. विभाने डावा कान खांबाला लावला. "हे कवटीतून माझ्या चांगल्या कानाकडे जातं. यात नवल काही नाही," ती मला शिकवल्यासारखं म्हणाली. म्हातारा मागची दारं लावायला निघून गेला. सूर केव्हाच विरले होते, तरी ती खांबाला तशीच चिकटून उभी होती. मग तिने उजव्या कानात बोट घातलं आणि तिचा चेहरा बदलला.

"कुणीतरी चालतंय."

"म्हातारा असेल."

"नाही. अनवाणी बाई आहे... पाय ओले आहेत." तिने हात उचलला आणि डावीकडच्या काळोख्या ओवरीकडे बोट दाखवलं. "तिकडून."

मी बघितलं. तिथे कुणी नव्हतं. म्हातारा तर समोरच्या दारातून येत होता, किल्ल्या वाजवत. पण ओवरीपेक्षा मी विभाकडेच बघत राहिले. डोळ्यांत पाणी, आणि बोट अजून तसंच धरलेलं. आवाज कुठून आला हे तिने बोट करून सांगताना मी प्रथमच पाहत होते. बाहेर आल्यावर टॅक्सीत ती एवढंच म्हणाली, "डावीकडून म्हणजे काय असतं, ते मला माहीतच नव्हतं."

कार्डिफला परतल्यावर तिने सहकाऱ्याकडून स्वतःची तपासणी करून घेतली. डाव्या कानाचा आलेख होता तसाच, तळाला. डोक्याचा स्कॅनही काढला, त्यात काही निघालं नाही. मी म्हटलं, "टिनिटस असेल, कानात नुसतेच आवाज येतात ते, तूच तर लोकांना सांगतेस." तिने मान डोलावली. पण मेमध्ये आम्ही कार्डिफ बेच्या काठाने फिरत होतो तेव्हा तिने न विचारता सांगितलं.

"ती अजून चालते गं. लांब गेली की बारीक ऐकू येतं, मग मागून येते, मग पुन्हा जवळून जाते. आधी वाटलं नुसती येरझाऱ्या घालतेय. काल लक्षात आलं, प्रदक्षिणा आहे." ती थांबली. "आणि मध्ये मी आहे."

दुपारचे तीन वाजले होते, आजूबाजूला मुलं आइस्क्रीम खात होती, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "विभा, बास! मी घरी एकटी राहते, मला हे सांगत जाऊ नकोस."

"बरं," ती हसून म्हणाली आणि त्यानंतर खरंच त्याबद्दल कधी बोलली नाही. आम्ही भेटत होतो, लंडनमध्ये वेम्बलीला जाऊन आंबे आणत होतो, सगळं पूर्वीसारखं होतं. फक्त कधीकधी बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि खांदा जरासा आत घ्यायची... अरुंद बोळात समोरच्याला वाट देतात तसा. मला दिसायचं, पण मी विचारलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकणं कसं सुधारेल ते बघणारी ही बाई मला एकच गोष्ट ऐकवू पाहत होती, आणि मी तिला गप्प केलं होतं.

मागच्या रविवारी रेवाने घर आवरायला बोलावलं. पुढच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. सोफा, टेबल, पुस्तकांचं कपाट, सगळं भिंतींना लावलेलं. मधल्या मोकळ्या कार्पेटवर एक मोठं वर्तुळ उमटलं होतं. पाऊलभर रुंदीची वाट, लव झिजून चकचकीत झालेली. वर्तुळाच्या आतलं कार्पेट मात्र नव्यासारखं होतं.

"तुला माहीत होतं, मावशी?" रेवाने विचारलं. "मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. आई चालत होती, गोल गोल, मोजे पण नाही घातले. मी म्हटलं, एक्सरसाइज करतेस का? तर ती म्हणाली, 'ती बिचारी किती दिवस एकटीच चालतेय, म्हटलं सोबत करावी.' मला वाटलं, जोक आहे. ती म्हणजे कोण?"

मग मी सगळं सांगितलं. देऊळ, खांब, ओले पाय, आणि मी तिचं तोंड कसं बंद केलं तेही. रेवा हसेल किंवा घाबरेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "आईला डावीकडून ऐकू आलं? रिअली?"

"हो."

"मी लहान होते तेव्हा मुद्दाम आईच्या लेफ्ट साइडला झोपायचे. तिकडे ऐकू येत नाही ना, म्हणून माझे सगळे सीक्रेट्स त्या कानात सांगायचे. शाळेतले, बाबांचे... पप्पी पण त्याच कानावर." बोलता बोलता तिला रडू फुटलं. "ते पण पोचलं असेल का गं?"

मी तिला जवळ घेतलं. मग आत जाऊन चहा केला आणि दोघी कप घेऊन पुढच्या खोलीत आलो. सोफा समोरच्या भिंतीपाशी होता. दारापासून सरळ गेलं असतं तर सहा पावलं. रेवा एक क्षण थांबली आणि वर्तुळ उजव्या हाताला ठेवून, भिंतीच्या कडेने, सावकाश वळसा घेत गेली. चहा हिंदकळू न देता मीही तिच्या मागून तशीच गेले.