लई उतरलीस गं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याला वाटतं, त्याला सगळं माहीत आहे. असो. तुम्हाला सांगते. तुम्ही ना माझ्या सासरचे, ना माहेरचे.

मी हडळ लिहायचे. हसू नका. रोज संध्याकाळी एक मालिका लागायची, तिच्यातली हडळ काय बोलेल ते मी ठरवायचे. औरंगाबादेत, सातारा परिसरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, गॅसवर डाळ ठेवून. पडद्यावर नाव यायचं मुंबईतल्या एका सरांचं. माझं कुठंच नसायचं. वाईट वाटायचं — आणि खरं सांगू? बरंही वाटायचं. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांना मी भाषांतराचं काम करते असंच सांगितलेलं. चांगल्या घरची सून हडळी लिहिते, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. त्या मालिकेत बाईला दोनच कामं — एकतर दिवा लावायचा, नाहीतर विझवायचा. सून असेल तर उपास, हडळ असेल तर केस मोकळे. पुरुष मात्र वकील व्हायला मोकळे, डॉक्टर व्हायला मोकळे, मांत्रिक तर आठवड्याला एक. मी फोनवर म्हणायचे, सर, ही हडळ होण्याआधी कुणीतरी असेल ना? तिला काही आवडत असेल, ती कुणाशी प्रेमानं बोलत असेल? सर म्हणायचे, मॅडम, ती मेली आहे.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. आदल्या वर्षीही नव्हताच. शहर मात्र वाढतच होतं — आमच्या बिल्डिंगच्या पुढं आणखी तीन उभ्या राहिल्या, नळ एकीलाही नाही. टँकर यायचा. आमच्या गावी, देवगाव रंगारीला तर टँकरचाही भरवसा नव्हता, म्हणून नवऱ्यानं त्याच्या वहिनीला, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, आमच्याकडं आणलं. थोरले दीर काविळीनं गेले, त्याला चार वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. तिकडं मळ्यात विहीर आणि त्या, अशा दोघीच राहायच्या.

मेथी निवडता निवडता एकदा त्यांनीच सांगितलं. रोज सकाळी त्या विहिरीशी बोलायच्या. वाकून आत बघायच्या आणि म्हणायच्या, "लई उतरलीस गं." माहेरी आलेल्या लेकीला आपण नाही का म्हणत, तोंड किती उतरलंय तुझं — तसं. पाणीही उतरतं, माणूसही उतरतं. त्यांना दोन्ही कळायचं. "आसं इचारलं की तिला बी बरं वाटत आसंल," म्हणाल्या आणि लाजल्या. "कुणाला सांगू नको हां शुभांगे. येडी म्हणत्याल मला."

मी कुणाला सांगितलं नाही. मी लिहिलं.

महिन्याच्या आत ते वाक्य हडळीच्या तोंडी होतं. ती विहिरीच्या काठावर नव्या नवरीपाशी यायची, तिच्या गालावरून हात फिरवायची, म्हणायची — लई उतरलीस गं. त्या दिवसापासून नवरी सुकत जायची. सर खूश. वाक्य चाललं, धो धो चाललं. आमच्या जिन्यात पोरी एकमेकींना ते म्हणून किंचाळत पळायच्या. जाऊबाईंनी टीव्हीवर ते पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा वात वळता वळता त्यांचे हात थांबले. "ही बाई माज्यावानी बोलती गं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "आपल्याकडं सगळेच बोलतात की तसं." "व्हय, आसंल," असं म्हणून त्या पुन्हा वाती वळायला लागल्या.

इथंच थांबले असते तर नुसती चोरी म्हणून खपलं असतं. पण —

समोरच्या घरातली पूनम बाळंत होऊन दीड महिना झाला होता. एका सकाळी टँकरच्या रांगेत ती हंडा घेऊन उभी. ओल्या बाळंतिणीला असं उन्हात बघून जाऊबाईंना राहवलं नाही. पुढं झाल्या, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या — काय म्हणाल्या ते तुम्ही ओळखलंच. दुसरं काय म्हणणार होत्या? त्यांच्याकडं मायेला तेवढंच वाक्य होतं. पूनमच्या हातून हंडा पडला. रांगेत कुणीतरी हसलं, कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. दुपारी पूनमला ताप भरला. उन्हानं, आणखी कशानं?

तिच्या सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्यावर थेट माझ्या दारात. जाऊबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या.

"तुम्ही शिकलेल्या, म्हणून विचारते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या जाऊबाई... गावाकडं असलं काही करायच्या का हो?"

एक वाक्य पुरलं असतं. अहो, ती हडळ मी लिहिते, वाक्य यांच्याकडून ऐकलं, यांनी तर मायेनं म्हटलं होतं. झालं. पण मग माझं भाषांतर उघडं पडलं असतं. बोट माझ्याकडं वळलं असतं. आणि मी — पूर्ण शुद्धीत, दाराची कडी हातात धरून — म्हणाले, "दीर गेल्यापासून त्या जरा..."

आणि थांबले. वाक्य कुठं तोडायचं हे मला बरोबर कळतं. माझं कामच होतं ते. उरलेलं समोरच्यानं भरायचं असतं. त्यांनी भरलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगनं भरलं.

मग जाऊबाई रांगेत दिसल्या की बायका लेकरांना पदराआड घ्यायला लागल्या. मी काय केलं? मी म्हणाले, "ताई, तुम्ही वरच थांबा, गुडघे दुखतात तुमचे." त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धड होते. त्या वरच थांबायला लागल्या. आतल्या खोलीत दारातलं बोलणं ऐकू जातं का, हे मी कधी तपासून बघितलेलं नाही. अजूनही बघत नाही.

दहाव्या दिवशी म्हणाल्या, "जाते आता. तिकडं बी कुणीतरी लागतंच की." ऐन वैशाख. विहिरीतला गाळसुद्धा वाळलेला. मी "राहा ना" म्हटलं. एकदाच, तेही चपात्या लाटता लाटता, मान वर न करता.

नवरा त्यांना गाडीवरून स्टँडवर सोडायला गेला. मी स्वयंपाकघरात आले आणि बघते तर, सकाळी मी खालून आणलेल्या पाण्यानं त्यांनी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलेलं. हंडे, पातेली तर झालीच, पण पेले, वाट्या, देवघरातलं पंचपात्रसुद्धा. काठोकाठ. ओट्यावर एक थेंब सांडलेला नाही.

मी रडले नाही. मला सीन दिसला.

त्यांची बस दौलताबादच्या पुढंही गेली नसेल, मी लॅपटॉप उघडला होता. गाव हडळीला हाकलून देतं, आणि सकाळी बायका उठून बघतात तर घराघरांतली भांडी पाण्यानं भरलेली. एका बैठकीत लिहिलं. इतकं चांगलं मी कधीच लिहिलं नव्हतं.

तासाभरात सरांचा फोन आला. "मॅडम, सीन भारी आहे. पण हडळ चांगली कशी असेल? पाण्यात विष दाखवा."

मी "हो सर" म्हणाले. ओट्यावरची एक वाटी उचलली, आणि तिच्यातलं पाणी पीत पीत, पाणी काळं पडतं असं लिहून पाठवलं.