तिघींची काढणी

"झाल्यात. काढा आता," असं माझी बायको घटस्थापनेच्या सकाळी म्हणाली, आणि मी म्हणालो, "थांब जरा." आमच्या अडतीस वर्षांच्या संसारात माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा काय निघालं असेल तर हेच. घर घेताना थांब जरा. मुलीला फ्रिस्कोची नोकरी लागली तेव्हा तिला, थांब जरा, इथेच काही मिळतंय का बघू. पुण्याला दोन महिने निवांत जाऊन राहायचं होतं हिला, तर म्हणे थांब जरा, एकदा रिटायर होऊ दे. म्हणे कसलं, मीच म्हणालो.

झाल्यात म्हणजे आमच्या परसातली गांजाची तीन झाडं. हो, गांजाच. दचकू नका, मिशिगनमध्ये घरी लावायला परवानगी आहे, फक्त कुंपण हवं, कुलूप हवं आणि रस्त्यावरून दिसायला नको. दिसायला नको ही अट कायद्याने घातली नसती तरी मी पाळलीच असती. ॲन आर्बरमध्ये मराठी माणसं भरपूर, आणि त्यातली निम्मी आमच्याकडे चहाला येणारी. मी कुंपण घातलं आणि त्याच्यापुढे दुधीभोपळ्याचा मांडव उभा केला. महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू एकदा टोमॅटो न्यायला आल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, "कसला हो वास येतोय?" मी म्हणालो, "स्कंक फिरतंय इथे." स्कंक म्हणजे इथलं घाण वास सोडणारं जनावर. बायको स्वयंपाकघरात पोट धरून हसत होती, आणि तेव्हा तिला हसताना पोट धरावंच लागायचं.

तिला पोटाचा कॅन्सर होता. केमोने अन्नावरची वासनाच उडाली. तोंडाला सतत लोखंडाची चव, फोडणीचा वास आला की उलटी. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सरळ सांगितलं, गांजाने भूक लागू शकते, करून बघायला माझी हरकत नाही. मी लाजून भिंतीवरचा तक्ता वाचत बसलो. हिने मात्र वहीच काढली. किती, केव्हा, कशातून, आणि शेवटी, "तुपातून चालेल का?" डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या.

परत येताना ती गाडीत म्हणाली, "मला एकदा भूक लागून जेवायचंय हो. बाकी काही नको. वरण-भात, तूप, लिंबू. गोळी घ्यायची म्हणून दोन घास नाही. भूक लागली म्हणून."

एवढंच मागितलं होतं तिने. मी ड्राइव्ह करत "हं" म्हणालो.

दुकानात तयार मिळतं, मग झाडं कशाला, असं मुलीने फोनवर विचारलं. मिळतं ना. तिला गाडीत बसवून मी गेलोही होतो. पार्किंगमध्ये मंडळातल्या एका गृहस्थांची गाडी दिसली आणि मी तिथूनच मागे फिरलो. हिला सांगितलं, गर्दी फार आहे. तिने दुकानाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ते गृहस्थ तिथे काय दर्शनाला आले होते? तेही तेच घ्यायला आले असणार, हे डोक्यात यायला मला दोन दिवस लागले. पुढे मुलगी आली तेव्हा तिने जाऊन आणलं. साखरेत घोळलेल्या रंगीत गोळ्या. त्या गोडानेच हिला उलटी झाली. "पोरांच्या बड्डेच्या चॉकलेटसारखं औषध," म्हणाली. "माझं मी लावते."

आणि लावलं. मे महिन्यात सहा बिया. हिच्या हाताला गुणच होता, मिशिगनच्या थंडीत कढीपत्ता चौदा वर्षं जगवला होता तिने, बैठकीच्या खिडकीत. जुलैत तीन झाडं नर निघाली. ती ठेवली तर बाकीच्यांना नुसत्या बिया धरतात म्हणून उपटावी लागतात. तिने एकेक उपटलं, माती झटकली आणि मला म्हणाली, "बघून ठेवा." उरलेल्यांना ती 'तिघी' म्हणायची. तिघींना पाणी घातलं का? तिघींवर किडा नाही ना? ऑगस्टपासून तिला वाकवेना, मग ती मांडवाखाली खुर्ची टाकून बसायची आणि मी तिच्या हुकमाने काम करायचो.

आता माझी खोड सांगतो. मी गाड्यांच्या पार्ट्सच्या क्वालिटीत एकतीस वर्षं काढली. माझ्या सहीशिवाय पार्ट बाहेर जायचा नाही, आणि मी सही पटकन करायचो नाही. सगळे वैतागायचे आणि मला त्याचा अभिमान होता. तर झाड काढणीला आलं हे ओळखायचं कसं, यावर मी अभ्यास केला. तुऱ्यांवर काचेच्या टाचण्यांसारखे बारीक ठिपके असतात, नुसत्या डोळ्यांना साखर भुरभुरल्यासारखे दिसतात. आधी ते पाण्यासारखे स्वच्छ असतात, मग दुधाळ होतात, मग काहींना मधाचा रंग चढतो. दुधाळ झाले की काढायला हरकत नाही. पण थोडे मधाळ होऊ दिले तर झोपही चांगली लागते, असं मी वाचलं. मी सोनाराचं भिंग मागवलं, फोनला लावायची लेन्स मागवली, रोज सकाळी फोटो काढू लागलो.

घटस्थापनेला तिने घट बसवला. उभं राहवेना, तर ओट्याशी स्टूल घेऊन बसली आणि मातीत धान्य पेरलं. मग बाहेर येऊन एक तुरा दोन बोटांत धरला, वास घेतला, त्यावरचे केस तांबूस होऊन आत वळलेले बघितले आणि म्हणाली, "झाल्यात. काढा आता."

मी भिंग लावलं. "अजून मध नाही दिसत."

"दुधाळ झालेत ना? मग बास की."

"थांब जरा. आठ-दहा दिवसांत परफेक्ट होतील. झोपही लागेल तुला. तुझ्यासाठीच म्हणतोय ना मी."

"मला झोप नकोय हो," ती म्हणाली. "झोप खूप आहे पुढे."

मी चिडलो. असलं काही बोललं की मी चिडायचो, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नसे. डॉक्टरीणबाईंनी 'थँक्सगिव्हिंगपर्यंत', म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत, असं काहीसं म्हटलं होतं, आणि मी मूर्खाने ते डेडलाइनसारखं धरलं होतं. दहा दिवस थांबायचं, दहा दिवस वाळवायचं, दोन दिवस तूप, तरी महिनाभर बफर राहतो. असा हिशेब मी बायकोच्या आयुष्याचा केला होता. मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, जस्ट कट इट! आई नोज प्लांट्स!" मी तिलाही गप्प केलं.

नऊ दिवस मी सकाळी फोटो काढायचो आणि संध्याकाळी दव पडायच्या आत तिघींवर जुन्या चादरी टाकायचो. घटातलं धान्य पिवळं-पिवळं वीतभर वाढलं. ती चार चमच्यांवरून दोन चमच्यांवर आली. मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणून तर मी जास्तच भिंगात डोळा घालून बसायचो.

दसऱ्याला मध दिसला. खरंच, दहात दोन ठिपके सोनेरी! मी धावत आत आलो, "झाल्या! झाल्या!" ती देवासमोर खुर्चीत होती. नेहमीप्रमाणे तिने पाटावर सगळी हत्यारं मांडून घेतली होती. माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली, विळी, तिची शिवणाची कात्री, आणि झाडं छाटायची कात्री. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूचं एकेक फूल.

"मग काढा ना," ती म्हणाली.

"अगं, कात्री पूजेत आहे. पुजलेलं हत्यार आज चालवायचं नसतं."

लहानपणापासून असंच ऐकलेलं. वडील या दिवशी पेनला टोपण लावून ठेवत. ती रागावली नाही, तेच वाईट. म्हणाली, "तुम्ही देवाला पण तुमच्यासारखं करून टाकलंत."

मग म्हणाली, मला बाहेर घेऊन चला. मांडवाखाली बसली, हात लांब करून तिघींतल्या एकीचं मोठं पान हाताने खुडलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. "इथे आपटा कुठे मिळायचा? सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." आम्ही दोघं हसलो. मी पान खिशात ठेवलं. तिच्याबरोबरचं हे माझं शेवटचं मोकळं हसणं.

दुसऱ्या दिवशी कापलं. ती खिडकीतून बघत होती. तळघरात दोरी बांधून फांद्या उलट्या टांगल्या, बारीक पंखा लावला. ती वरून विचारायची, "मोडतंय का?" काडी नुसती वाकली तर ओली, कट्‌ करून मोडली तर वाळली, हे तिनेच सांगितलेलं. मी रोज खाली जाऊन एक काडी वाकवायचो आणि ओरडून सांगायचो, "नाही गं, वाकतेय अजून!"

सहाव्या दिवशी दुपारी ती गेली. घरीच, बैठकीत लावलेल्या कॉटवर, कढीपत्त्याच्या शेजारी. मुलगी पोहोचली होती. सकाळी हिच्या ओठांना आम्ही कापसाने पाणी लावलं होतं, त्याआधीच्या दोन दिवसांत पोटात काही गेलं नव्हतं. शेवटचं म्हणून काय बोलली, ते लोक विचारतात. मोडतंय का, हेच विचारलं होतं तिने, आदल्या दिवशी.

मंडळातली माणसं आली, डबे आले. माझ्या घशाखाली काही उतरेना. मुलगी ताट आणून ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. एका सकाळी मी फोटो मोठ्या मॉनिटरवर लावून बसलो. का, ते माहीत नाही. घटस्थापनेचा फोटो उघडला. सगळेच्या सगळे ठिपके दुधाळ, चांगले टपोरे. तिला दोन बोटांत कळलं होतं ते. आणि फोटोच्या कोपऱ्यात, तुरा हलू नये म्हणून धरलेला तिचा अंगठा. केमोने काळं पडलेलं नख. मी पुढचे बघत गेलो. दहा दिवसांचे तीनशेवर फोटो, आणि त्यात माझी बायको म्हणून एवढंच, तो अंगठा. तिच्या चेहऱ्याचा एकही नाही. मी रोज तिच्याशेजारी उभा राहून दुसरीकडे बघत होतो हो!

तळघरात गेलो. काडी वाकवली. कट्‌ करून मोडली.

मुलगी म्हणाली, "बाबा, वी कॅन थ्रो इट." मी म्हणालो, नाही. तिच्या वहीतून वाचत वाचत केलं. ओव्हनमध्ये मंद शेकून घेतलं, मंद आचेवर तुपात ठेवलं, फडक्यातून गाळलं. हिरवट तूप झालं, उग्र वासाचं. मुलीने कुकर लावला. वरणात हिंग, हळद, किंचित गूळ, हिच्या पद्धतीचं. दोन ताटं घेतली आणि मी माझ्या भातावर ते तूप घातलं, वहीत लिहिलंय तेवढंच, अर्धा चमचा. लिंबू पिळलं. तीन-चार घास कसेबसे गिळले, ताट बाजूला सरकवलं आणि खिडकीशी जाऊन बसलो.

तास-दीड तास झाला असेल. पोटात काहीतरी हललं. आधी मला कळलंच नाही काय होतंय ते. मग कळलं. मला भूक लागली होती. सपाटून, पोरांना शाळेतून आल्यावर लागते तशी. मी उठलो, बाजूला ठेवलेलं ताट ओढलं, गार भात खाल्ला, मग कुकरमधला उरलेला घेतला, वर वरण, वर लिंबू. रडत होतो आणि खात होतो. मुलगी दारात उभी राहून बघत होती, आणि मी तिला एकच सांगत होतो, "चव लागतेय गं. चव लागतेय."