हॉलमधला स्टुडिओ आणि तळमजल्यावरचा खिळा

ज्या आजीच्या भातशेतीवर आमची इमारत उभी आहे, तिच्या चेहऱ्यावरचं गोंदण मी पुसून टाकलं. तेही चांगली दुपारभर खपून. आणि वर शाबासकी घ्यायला तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तेव्हा मला नुकती साठी लागली होती. म्हणजे अक्कल यायचं वय नव्हतंच.

नोकरी संपल्यावर माझ्या मैत्रिणी भजनाला जायला लागल्या. मला फोटोचं खूळ लागलं. मुलाने त्याचा जुना कॅमेरा दिला आणि मी डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये स्टुडिओ थाटला. सोफा बेडरूममध्ये गेला, त्यामुळे पलंगावर पोचायचं तर आधी सोफा ओलांडावा लागे. पडद्याच्या दांडीला इस्त्री केलेली पांढरी चादर टांगली. गॅलरीतून येणारा उजेड चेहऱ्यावर वळवायला गणपतीच्या मखराचं उरलेलं थर्माकोल होतं आणि ते धरायला आमचे हे होते. टीव्ही चादरीमागे गेला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बातम्या ऐकू तरी येतील ना?" कुकर मात्र कुणाचं ऐकत नसे. मी "आता हलू नका" म्हणायचा अवकाश, तो शिट्टी देई.

मग माजिवड्याच्या एका क्लासला जाऊन मी कॉम्प्युटरवर फोटो साफ करायला शिकले. डागावर एक गोल फिरवायचा, की डाग गायब. झालं! जन्मभर ओटे पुसलेल्या बाईच्या हातात असलं फडकं पडल्यावर ती थांबते होय? पोरींच्या पुटकुळ्या, सुनांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, एका तान्ह्या बाळाच्या गालावरची तीटसुद्धा, दिसेल ते पुसत सुटले. सगळे चेहरे सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखे दिसायला लागले. सोसायटी खूष होती, आणि सगळ्यांत खूष मी.

ती आगरी आजी तळमजल्यावर राहायची. अख्खी इमारत तिला आय म्हणायची. एक दिवस तिने मला जिन्यापाशी गाठलं.

"तू फोटू काढतेस नं गो? मंग माजा एक काढ. म्हाताऱ्याचे फोटूचे बाजूला खिला मारून ठेवलाय."

"अहो आय, आत्ताच कशाला?"

"आत्ता नाय तं कवा? मी गेल्यावर ही पोरां कंच्यातरी हलदीतला फोटू कापतील. माजे खांद्यावर कुनाचातरी हात र्‍हाईल कायमचा. तो नको मना. जित्ती हाय तवर बगून घेन."

आली ती नऊवारी नेसून, गळाभर सोनं घालून. स्टुलावर बसली, थर्माकोल धरून उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "या पाव्हन्यांना असाच उभा ठेवतेस? चा तरी दिलास का?"

दिला नव्हता.

फोटो झकास आला. तेवढ्यावर गप्प बसले असते तर मी कसली! कॉम्प्युटरवर मोठा करून बघते, तर कपाळावर हिरवट-काळे ठिपके, भुवयांच्या मध्ये छोटीशी वेल, हनवटीवर एक ठसठशीत ठिपका. गोंदण आहे हे मला काय दिसत नव्हतं? पण तेव्हा माझ्या लेखी चेहऱ्यावर जे जे गडद, तो तो डाग. एकेक करून सगळे पुसले. सुरकुत्याही हलक्या केल्या. मोठी प्रिंट काढली, सोनेरी फ्रेम घातली आणि मिरवत खाली घेऊन गेले.

आयने फ्रेम हातात घेतली. लांब धरली, मग जवळ धरली. मग फ्रेम मांडीवर ठेवून स्वतःची हनवटी चाचपली.

"माजा गोंदन कय गेला?"

"काढलं ना मी!" मी म्हणाले. "बघा आता, एकसुद्धा डाग नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलायला लागली.

"शहाडला होतो आमी, म्हायेरी. आयशीने माजा डोका मांडीत दाबून धरलेला. मी अशी बोंबललेली! लगीन ठरलेला नं." मग भिंतीवरच्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "याला शेवटाला कोनी वलखू येत नव्हता. पोरगा नाय, सून नाय. मी जवल गेलो का हनवटीकरं बगायचा नि बोलायचा, आलीस गो?"

तिने फ्रेम माझ्या हातात परत दिली. "ने ही. हिला तो आलीस नाय बोलायचा."

वर येऊन मूळ फोटो शोधायला बसले. तर हुशार बाईने पुसलेला फोटो त्याच्यावरच सेव्ह केलेला! कॅमेऱ्यातला तर आधीच पुसलेला. म्हणजे मूळ फोटोही गेला.

त्यानंतर जाता-येता आयच्या उघड्या दारातून तो खिळा दिसायचा. मी मान खाली घालून लिफ्ट गाठायची. शेवटी आमचे हेच म्हणाले, "मी धरतो थर्माकोल. तू जाऊन माफी तरी माग."

गेले. म्हटलं, "आय, चुकलं माझं. परत बसाल?"

"बसन. पन तो तुजा डबा बंद ठेवायचा."

कॉम्प्युटर पिशवीत घालून कपाटात ठेवला. कुकर लावला नाही. आधी चहा केला, ह्यांनाही दिला. या खेपेला आय हसली, तेव्हा हनवटीवरचा ठिपका जरा वर सरकला. तेवढ्यात मी फोटो काढला आणि होता तसा छापून आणला, सगळ्या सुरकुत्यांसकट.

फ्रेम ह्यांनीच खिळ्याला अडकवली. आयने नवऱ्याकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं, मान हलवली. मग आमच्या ह्यांच्याकडे आणि शेवटी माझ्या कपाळाकडे बघत म्हणाली,

"माजा झाला गो बाय. पन तुजी टिकली तं रोज राती आरशाला चिकटते. तुजा म्हातारा तुना कशावरशी वलखल?"