न विचारता पुकारलेली जोडी

गर्दी गोळा करून देणं हा माझा धंदा. बाभुळगावला फ्लेक्सचं लहानसं दुकान आहे, एक ऑटो आहे आणि त्याच्या टपावर दोन भोंगे आहेत. कबड्डी असो, ऑर्केस्ट्रा असो की शंकरपट, लोकांना घराबाहेर काढायचं काम माझ्याकडे येतं. बैलजोड्यांच्या शर्यतीवरची बंदी उठल्यापासून तर पटाचीच कामं जास्त.

त्या वर्षी एकाच दिवशी जवळच्या दोन गावांत पट भरणार होते. त्यातल्या आमच्या पटाच्या समितीच्या अध्यक्षांनी माझा फ्लेक्सचा नमुना पाहिला आणि बाजूला सारला.

"बक्षिसं, पुढाऱ्यायचे फोटो... हे तं तिकडच्यायच्या फ्लेक्सवरही हाय. नाव पायजे भाऊ, नाव! लोक बैल पाहाले येत नाही, नाव पाहाले येते."

नाव एकच होतं. जवळच्या तांड्यावरच्या एका काकांची जोडी, एक पांढरा आणि एक तांबडा. मागच्या हंगामात ती जोडी सुटली की माणसं ट्रॅक्टरच्या बोनेटवर चढून पाहायची.

आमच्याकडे रीत अशी की, नावाजलेल्या जोडीच्या मालकाच्या घरी नारळ घेऊन जायचं. त्यानं नारळ घेतला तरच जोडी भोंग्यावर पुकारायची. एकदा पुकारलेली जोडी मालक मागे घेत नाही. घेतली तर लोक त्याला भ्याला म्हणतात. नारळ नेऊन द्यायचं काम समितीनं माझ्यावरच सोपवलं होतं.

मी आधी फ्लेक्स छापला. बैलांच्या मागे जाळ दाखवला, वर लिहिलं, 'येणार म्हणजे येणारच!' मागच्या वर्षीच्या धावेची रील केली, तिला सायरनचा आवाज जोडला. मग तीन दिवस गावोगाव पुकारत फिरलो. तांड्यावर उद्या जाऊ, असं रोज ठरवत होतो. काका नाही म्हणणार नाहीत, असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे ते नाही म्हणाले तर काय, याचीच धास्ती होती. म्हणून गेलो नाही.

पटाच्या आदल्या दिवशी सकाळी काकाच दुकानात आले.

"काहून रे बापू, माही जोडी येऊन राह्यली म्हन्ते तू?"

"काका, मी येनारच होतो तुमच्याकडं..."

"पांढऱ्याच्या गुडघ्याले सूज हाय. डॉक्टरनं जुंपू नोका म्हनलं. नाव काढ."

"काढतो," मी म्हणालो.

ते गेल्यावर अध्यक्षांना फोन लावला. ते उसळलेच. "आता? उद्या पट हाय ना बे! सारे लोक तिकडं पळतीन. उद्या मैदानावर पाहू."

मी नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. काका एकटेच आले, बैल न घेता. नाव निघालं की नाही तेवढंच पाहायला आले असावेत. लोकांनी त्यांना ओळखलं.

"काका, जोडी कुठं हाय?"

"फ्लेक्सवर तं लय फुरफुरून राह्यले होते बैल!"

"भेले वाट्टे बुढे!"

हशा पिकला. काका गर्दीतून वाट काढत मंचाखाली आले आणि माझ्याकडे मान वर करून म्हणाले, "सांग त्यायले."

माइक माझ्या हातात होता. ही जोडी मी न विचारता पुकारली, चूक माझी आहे, एवढं बोललो असतो तर लोकांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या आणि पुढची जोडी सुटली असती. अध्यक्ष माझ्या शेजारी उभे होते, पण त्यांनी मला काही सांगितलं नाही. जे बोललो ते मीच बोललो.

"मंडळी, काका सोता मैदानात आलेले हायेत! जोडी पळन का नाही, आता फक्त त्यायच्या हातात!"

शिट्ट्या सुरू झाल्या.  काकांनी खिशातून फोन काढला, पुतण्याशी तांड्यावरच्या गोरबोलीत दोनच वाक्यं बोलले आणि फोन परत ठेवला. तासाभरात पिकअपमधून बैल आले.

पुतण्यानं जोडी हाकली. अर्ध्या पट्टीपर्यंत दोन्ही बैल सरळ होते. मग पांढऱ्याची मान एकदा खाली गेली, पुन्हा वर आली. रेषा त्यांनी ओलांडली. घड्याळात दिवसातला सगळ्यात कमी वेळ लागला आणि मी तो भोंगा फुटेस्तोवर ओरडून सांगितला. मी ओरडत होतो तेव्हा काका पट्टीच्या कडेनं धोतर सावरत धावत होते. रेषेपलीकडे पांढरा बसला होता. डॉक्टर येईपर्यंत तो उठला नाही.

जीव वाचला, पण पाय गेला. तो आता ना पटाचा राहिला, ना वखराचा.

त्या धावेचा व्हिडिओ मात्र मोबाइलवर फिरत राहिला. पांढरा बसायच्या आधीच तो संपतो. तसा तो मीच कापला होता. पार पुसद, पांढरकवड्याकडच्या समित्या काकांना फोन करू लागल्या. महिनाभरानं काकांचा मला फोन आला.

"जोडी पाठवा म्हन्ते लोक. सांगून सांगून थकलो. मले तुह्यासारखं बोलता येत नाही बापू. तू पुकारलं ना, तूच सांग आता."

मी ऑटो काढला. सांगायची दोन वाक्यं ठरवली होती. एक, ही जोडी आता पळणार नाही. दुसरं, ती मी मालकाला न विचारता पुकारली होती. पहिल्या गावात पहिलं वाक्य बोललो आणि ऑटो पुढे नेला. दुसऱ्या गावातही तेच. तांड्यावर दुसरंही बोलायचंच, असं ठरवून तिकडे वळलो.

काकांच्या अंगणात पांढरा तीन पायांवर भार देऊन उभा होता. मी ऑटो थांबवला. "मंडळी, ही जोडी आता पळणार नाही," म्हणालो. काका दारात आले, चौकटीला हात लावून उभे राहिले. भोंग्यातून नुसती खरखर येत होती. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो आणि माइकचं बटण बंद केलं.