मगसर

पाळकसाहेबांना सगळा गाव त्यांच्या माघारी मगसर म्हणायचा. सकाळी शाळेत व्याकरण, संध्याकाळी चर्चशेजारच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी आणि रविवारी उपदेश, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. रडणारा येवो की भांडणारा, ते खुर्ची पुढे ओढत आणि विचारत, "मग?" समोरचा बोलत राही, थांबला की पुन्हा "मग?" एक शिंपी बायकोला सोडायचं ठरवूनच आला होता. नवव्या 'मग'ला त्याच्या लक्षात आलं, की भांडण बायकोशी नव्हतंच, मेहुण्याशी होतं. पाळकसाहेबांची बायको घरी खवचटपणे म्हणे, "आमच्याकडे मग दोन. एक न्हाणीत, एक त्या खोलीत. न्हाणीतला निदान माझ्या कामाला येतो."

त्याच खोलीत आता त्यांची लेक कोरा कागद घेऊन बसली होती. चार वाजता बाबांची स्मरण-उपासना होती. घरच्यांतर्फे तीच बोलणार होती आणि तीन वाजून गेले तरी एक ओळ सुचत नव्हती. बाबांविषयी सांगण्यासारखं दूधवाल्याकडे होतं, शिंप्याकडे होतं, तिच्याकडे नव्हतं. तिला त्यांचा राग होता. गेलेल्या माणसावर काय रागवायचं, हे कळत असूनही होता.

सतरा वर्षांची असताना तिला कॉलेज सोडायचं होतं. घरी बाबा इतके दमलेले असत, की जेवता जेवता त्यांचे डोळे मिटत. म्हणून एका संध्याकाळी ती खोलीबाहेरच्या बाकावर, तिघांच्या मागे, नंबर लावून बसली. पहिल्याने तास खाल्ला, दुसऱ्याने दीड. दारातून "मग?" ऐकू येत होतं, दर वेळी दुसऱ्या कुणासाठी. तिसरा आत गेला तेव्हा ती उठून घरी आली. कॉलेज काही सुटलं नाही, पुढे ती मास्तरीणही झाली. पण ते सांगायचं राहिलं ते राहिलंच.

उन्हाचा तुकडा फरशीवरून हळूहळू सरकत होता. कपाटातल्या जुन्या वह्यांना अजून खडूचा वास होता. तिच्या पापण्या जड झाल्या. समोरच्या खुर्चीत बाबा बसले होते, कोपराला खडू लागलेला, एक चप्पल नेहमीसारखी पायातून निसटलेली. बाहेरच्या बाकावर कुणीही नव्हतं. घाई कसलीच नव्हती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तिने तोंड उघडलं, आणि दार वाजलं.

"चल गं," आई म्हणाली. "मंडळी जमली."

खुर्ची जागच्या जागी होती.

व्यासपीठावर तिने तो कोरा कागद उगाचच उलगडला. समोरचे बाक गच्च भरले होते.

"बाबांनी सगळ्यांचं ऐकलं," ती म्हणाली. "मलाही त्यांना एक गोष्ट सांगायची होती."

ती थांबली आणि कोऱ्या कागदाकडे बघू लागली. कुणीतरी खोकलं, कुणी खाली पाहिलं. शिंपी टोपी हातात फिरवत राहिला.

पहिल्या बाकावर आई जरा पुढे सरकून बसली. चाळीस वर्षं ज्या शब्दाची तिने टर उडवली होती, तोच तिने हळू आवाजात उच्चारला.

"मग?"

लेकीने कागदाची घडी घातली.

"मी सतरा वर्षांची होते," ती आईकडे बघत म्हणाली, "आणि बाहेरच्या बाकावर बसले होते."