माझ्या तक्रारीचा खुलासा मीच टाइप केला

"बसा, इंग्लिस मॅडम. तुमच्याच अर्जाचा जवाब आहे. नीट टाइप करा."

हेडक्लार्कनी लिफाफा माझ्या टाइपरायटरवर टाकला. त्यावर लाल शाईत 'गोपनीय' लिहिलेलं. अक्षर माझं. महिन्यापूर्वी त्यातून मी माझा तक्रारअर्ज हैदराबादच्या मोठ्या साहेबांना पाठवला होता. साहेबांनी कोपऱ्यात एक ओळ खरडली आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याचकडे खुलाशासाठी पाठवून दिला. कचेरीत असंच चालतं. माझ्या इंग्रजी शाळेत हे कोणी शिकवलं नव्हतं.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं आहे. आदिलाबादच्या त्या कचेरीत मी वर्षभर टायपिस्ट होते. दसऱ्याला तिथे टाइपरायटरची पूजा होते. आम्ही बौद्ध, मला पूजेची हौस नव्हती. पण त्या दिवशी मला व्हरांड्यात उभं केलं आणि माझ्या मशीनवर आधी गोमूत्र शिंपडलं, मग हळदकुंकू.

"सालभर हिची बोटं लागली. साफ नको का कराले?" हेडक्लार्क म्हणाले. आत सगळे हसले. मी भिंतीकडे पाहत राहिले. मला तेवढंच जमायचं.

माझी तक्रार त्याबद्दलच होती. आता ती हेडक्लार्कनी सगळ्यांसमोर वाचली, अडखळत. 'ह्युमिलिएशन'पाशी थांबले.

"हे काय असते वं?"

"अपमान," मी म्हणाले.

"कोणाचा?"

पुन्हा हसू.

मग खुलासा. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजी करून टाइप करायची. नेहमीचीच रीत. "लिही. मशीन शुद्ध करणे हा जुना रिवाज आहे, आमी नवा काढला नाही. या जातीच्या लोकांना पूजेत घेत नाही. अर्ज सगळ्यांसमोर वाचून दाखवला. 'अपमान कोणाचा' विचारलं, तर अर्जदार बोलू शकली नाही."

 माझी बोटं थांबली. जातीवरून चारचौघांत अपमान करणं हा कायद्याने गुन्हा; हा माणूस त्याची कबुली देत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

एरवी मी त्यांची पत्रं सावरायची. उर्मट वाक्यं मऊ करायची, नको ते गाळायची. माझ्या इंग्रजीवर त्यांची इज्जत उभी होती. त्या दिवशी काही सावरलं नाही. शब्दाला शब्द ठेवला. कार्बन एक जास्त घातला. त्यांनी न वाचता सह्या ठोकल्या, तिन्ही प्रतींवर. शिक्का मीच मारला आणि तिसरी प्रत माझ्या पिशवीत ठेवली.

संध्याकाळच्या बसने तामसीला, गावी घरी गेले. बाबा शाळामास्तर. प्रत त्यांनी दोनदा वाचली.

"तुयी नोकरी अजून कायम नाही, बाई. कायम कराचा शेरा हाच माणूस देणार. अर्ज वापस घे."

"नाही घेत."

बाबांना मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निर्मल गावातल्या एका वकिलांकडे प्रत दिली. महिन्याभरात माझी नोकरी गेली. खटला उभा राहिला. मधल्या काळात हेडक्लार्कनी दोनदा माणूस पाठवला. मिटवून घे म्हणे, ते माफी मागतील.

माफी मला नको. कोर्टात त्यांना विचारतील, ही सही तुमची का? मी समोर बसलेली असेन, भिंतीकडे न पाहता. ते 'हो' मला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. सगळ्यांसमोर. त्यासाठी कितीही तारखा पडू देत. मी प्रत्येक तारखेला जाणार आहे.